कानावरची खूण

धुळाप्पा जाऊन महिना होत आला, तरी म्हाळसाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भाकरी थापायची, धुणं धुवायचं, दारात कुणी आलं की चहा टाकायचा. हात आपोआप चालत होते. मादन हिप्परग्यातल्या बाया कुजबुजायच्या. त्यांच्या तोंडाला कुलूप कोण घालणार!

तिला नवऱ्याच्या हातचं काहीतरी डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच. मेंढरं त्याच्या आजारपणातच विकली होती. उरला होता तो मुंबईतला ब्राँझचा एडका.

तिच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी एक चित्रकार गावात येऊन राहिला होता. जन्मभर रंगांत बुडालेल्या त्या माणसाला इथं काय सुचलं कुणास ठाऊक, त्यानं धुळाप्पाचा एडका मातीत घडवला. धुळाप्पानं तो चहूबाजूंनी न्याहाळला आणि नाक मुरडलं.

"साहेब, कानाला खूण न्हाई. मग ह्यो कुणाचा म्हणायचा?"

मेंढरं एकमेकांत मिसळली तर कातरलेल्या कानावरून धनी ओळखायचा, अशी रीत. धुळाप्पानं कमरेचा चाकू काढला आणि मातीचा डावा कान खुशाल कातरला. चित्रकार आधी दचकला, मग पोट धरून हसला. ती खूण तशीच ठेवून त्यानं पुढं एडका ब्राँझमध्ये ओतून घेतला.

त्यानं आयुष्यात केलेलं हे एकच शिल्प. आज त्याचा लिलाव होता. बातमीतल्या फोटोत नेमकी उजवी बाजू दिसत होती. डावा कान आईला लिलाव चालू असताना मोबाईलवर दाखवावा, म्हणून लेक तेजश्री कलबुर्गीहून सुट्टी काढून आली होती. मोबाईल तांब्याला टेकवून मायलेकी बसल्या.

"माय, फिरवायलेत बघ आता."

एडका सावकाश फिरला. शिंगं, तोंड, मग डावा कान. म्हाळसाबाई पुढं सरकली. कान सबंध होता, गुळगुळीत.

"दुसरा कान असंल त्यो."

"न्हाई माय, ह्योच डावा." तेजश्री तिथल्या बाईचं इंग्रजी कान देऊन ऐकत होती. "कान तुटका व्हता, म्हणायलीय ती. मागच्या मालकानं भरून घेतला. आता जागाबी वळखू येत न्हाई म्हणं."

बोली चढत गेली. कुणीतरी एडका घेतला आणि टाळ्या वाजल्या. तेजश्री पदरात तोंड खुपसून रडायला लागली. आईच्याच पदरात. म्हाळसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण आत काही हलत नव्हतं.

तेवढ्यात शेजारची गुरुबाई दारात आली.

"व्हय वं, तुमचाच एडका दावायलेत न्हवं मोबाईलात?"

म्हाळसाबाईनं पुन्हा एकदा त्या सबंध कानाकडं पाहिलं.

"न्हाई अक्का. आमच्याला खूण असती," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.