वेदीवरचं शिखर

महांतप्पा गवंडी खोटं कधी बोलत नसे. तो फक्त खऱ्याला गिलावा करायचा, आणि तो जरा जाड बसायचा. सत्तरी ओलांडली तरी चिंचहळ्ळीच्या पेठेत त्याच्या जिभेला सुटी नव्हती. उमरग्यापासून बैलगाडीनं दोन तासांवरचं हे गाव निजामाच्या राज्यात एका गोष्टीसाठी ओळखलं जायचं: तिथल्या गिरजासाठी. आणि तो गिरजा चाळीस वर्षांपूर्वी महांतप्पानंच बांधलेला.

गिरजा तरी कसा! खिडक्यांच्या कमानी मशिदीच्या, कारण सुताराकडं साचा तेवढाच होता. माथ्याला कंगोरे परंड्याच्या किल्ल्याचे, कारण महांतप्पा तरुणपणी तो किल्ला बघून आला होता आणि किल्ला काही त्याच्या डोक्यातून उतरत नव्हता. आणि मनोरा? दुनियेत मनोरा दारावर असतो. इथं तो पार आत, वेदीच्या बरोबर माथ्यावर, देवळाच्या शिखरासारखा. घंटा मात्र दारात, हाताला येईल अशी टांगलेली. आत येणारा ती वाजवूनच यायचा, आणि उशिरा येणारा सगळ्यात जोरात वाजवायचा.

एकोणीसशे चव्वेचाळीस साली मिशननं या गिरजाची हकीकत लिहायला गुलबर्ग्याहून शरणबसप्पा इंजिनिअर पाठवले. त्यांच्या पिशवीत मूळ नकाशा होता आणि नकाशात मनोरा दारावर होता.

"मुद्दाम आत बांधला असेल तर राहील," त्यांनी पाद्री शिमोनना सांगितलं. "गवंड्याची चूक असेल तर पाडून नकाशाबरहुकूम दारावर चढवायचा. मिशनचा तसा हुकूम आहे."

ही बातमी आली तेव्हा महांतप्पा जेवत होता. घास हातातच राहिला. आयुष्यभरात त्यानं विहिरी बांधल्या, मठाच्या ओवऱ्या बांधल्या, पण शिखर हे एकच. हात धुऊन तो तडक गिरजात हजर झाला.

"साहेब, शिखर आधी दारावरच होतं," त्यानं सुरुवात केली.

"मग?"

"वावटळ सुटली. अशी सुटली की आमच्या तुरीच्या पेंढ्या बिदरात जाऊन पडल्या! शिखर लागलं मागं घसरायला. आमी पुढं पळत पळत त्याच्या खाली भिंती घातल्या. हितं येऊन थांबलं."

शरणबसप्पांनी पेन्सिल खाली ठेवली आणि नखानं भिंत खरवडून बघितली. "चुना बाकी पक्का आहे."

"पक्का? बेलफळाचं पाणी, हिरडा, गूळ! गुळाच्या वासानं एक शेळी भिंत चाटाय आली, तिची जीभ चिकटली. तिथंच चारा घातला, तिथंच ती व्याली. करडं मोठी झाली, मग कुठं सुटली."

दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी एक हकीकत आणली. तेव्हा गिरजा बांधून घेणाऱ्या मिशनच्या गोऱ्या साहेबाला स्वप्न पडलं होतं आणि स्वप्नात साक्षात देवानं बोटानं जागा दाखवली होती. शरणबसप्पा हसले. तेही महांतप्पासारखेच लिंगायत. गवंड्याला कुठं धरायचं हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"उद्या रविवार आहे, महांतप्पा. उपासनेआधी सगळ्या मंडळीसमोर सांगा. फक्त गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून."

रविवारी गिरजा भरला. महांतप्पा पुढं आला. छातीवरच्या चांदीच्या करडगीवर, जिच्यात त्याचं इष्टलिंग होतं, त्यानं हात ठेवला. तोंड उघडलं. स्वप्न जिभेवर आलं, वावटळ आली, पण त्या हाताखालून एकही बाहेर पडेना.

"चुकलं," तो म्हणाला. "नकाशात दारावरच होतं. मला वाटलं, कागद काढणारा चुकला. देव आत, आन् शिखर दारावर? शिखराखाली काय पायताणं ठेवायची? गोरा साहेब तवा सोलापुरात तापानं पडला होता. त्यो यायच्या आत म्या पुरं केलं, आन् शिव्या नकोत म्हणून येरमाळ्याला विहिरीच्या कामावर पळालो. दुसऱ्या कुणाची चूक न्हाय. माझीच."

शरणबसप्पांनी जड मनानं पेन्सिल उचलली.

"थांबा, साहेब!" चटईवरून उमाबाई उठली. मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई. "हे पळालं, पुढचं ह्याला काय ठावं? साहेब आला, शिखर बघून लाल झाला, पाडा म्हणाला. माझा बाप आडवा पडला. म्हणाला, गवंड्याला बोलू नका, आमीच सांगितलं तसं बांधाय."

"म्हणजे खोटं बोलले?" शरणबसप्पांनी विचारलं.

"व्हय की! आमच्या आज्याला देवळाच्या सावलीला उभं ऱ्हाऊ देत नव्हते. घंटा लांबनं ऐकायची. आन् हितं ह्या अण्णानं चुकून आमाला शिखराच्या बुडाशी बसवलं, घंटा हातात दिली. सोडतंय कोण? साहेबानं बापाचं ऐकलं, व्हय म्हणाला. चुकलं त्या दिवशी ती चूक होती. आमी ठेवा म्हणलो, तवापासनं ते मुद्दामच हाय."

शरणबसप्पांनी वर शिखराच्या पोटाकडं बघितलं, मग नकाशाकडं. मग लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "मनोरा वेदीवर. मंडळीच्या मागणीवरून तसा ठेवला. पाडू नये."

पोरंबाळं ओरडली, पाद्री शिमोननी डोळे पुसले आणि घाईनं उपासनेचं पुस्तक उघडलं. महांतप्पा जायला निघाला, तशी उमाबाईनं चटईवर सरकून जागा केली.

"बसा, अण्णा. चाळीस वर्सं बाहेरनंच मिरवता. कधी खाली बसून बघितलंय का?"

नव्हतं बघितलं. तो मांडी घालून बसला, मान वर केली, आणि बराच वेळ गप्प राहिला. एवढा वेळ तो गप्प राहिल्याचं गावात कुणालाच आठवत नव्हतं.

"उमाक्का," अखेर तो कुजबुजला, "आतनं गिलावा डावीकडं जरा फुगलाय गं."

"गप बसा. प्रार्थना हाय. डोळं मिटा."

महांतप्पानं डोळा मिटला. उजवा.