भट्टीची खोली

झाकणाची कड एका बाजूला जराशी आत दबलेली होती. बिअरच्या बाकीच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं कशी गोल, शहाण्यासारखी बसली होती आणि हे एकच वाकडं – मुंतहानं अंगठ्याचं नख त्या खाचेत घातलं, काढलं, परत घातलं. सगळी झाकणं तिनंच दाबली होती, पण हे दाबताना मागून धाकटा भाऊ घत्तास म्हणाला होता, "जपून गं, हे तुझं अरकाचं मडकं नाही," आणि हात हलला होता… की त्याच्याही आधीपासून हलत होता? त्याच्याही आधीपासून. कारण तोवर तिनं करायचं ते करून टाकलं होतं.

पंधरवड्यापूर्वी घत्तासनं बाटल्या त्याच्या कसल्याशा औषधी पाण्यानं धुवून ओळीनं उलट्या ठेवल्या होत्या. बिअरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे घाण, असं तो बजावत होता – तिला, जिनं मडकी घासण्यात हाताची सालं घालवली तिला – आणि मध्येच त्याचा फोन वाजला म्हणून अंगणात गेला. हसत हसत बराच वेळ बोलत होता. कोनाड्यात अरकाची, घरी गाळलेल्या द्राक्षाच्या दारूची, सुरई होती. बाबा म्हणायचे, बाटली पाण्यानं नाही, अरकानं विसळायची, आमच्या घरची रीत आहे. तेव्हा रीतच पाळली मी, असं म्हणता आलं असतं. पण विसळून अरक ओतून टाकतात. तिनं ओतून टाकला नाही. प्रत्येक बाटलीच्या तळाशी थोडा थोडा ठेवला, आणि घत्तास परत आला तेव्हा ती नळी धरून, मान खाली घालून, त्याची बिअर भरत होती.

अरकात यानसून असतं, बडीशेपेची धाकटी बहीणच. तिचं तेल बिअरचा फेस मारतं हे तिला ठाऊक नव्हतं. वास मात्र कशानं झाकला जात नाही हे पक्कं ठाऊक होतं.

आज रविवार. बत्रूनहून रोमानोस यायचा होता, समुद्रकाठी त्याचा बिअरचा गुत्ता आहे. बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं – रोमानोसनं बिअर पसंत केली तर अरकाची भट्टी बाहेर, त्या खोलीत घत्तासची पिंपं. घरात थंड दगडी जमिनीची आणि नळाची तेवढी एकच खोली. त्याच खोलीत बाबांचा उजवा हात लुळा पडल्यापासून दर शरद ऋतूत ती द्राक्षं आंबवते, तांब्याच्या भट्टीची फट कणकेनं लिंपते, नळीतून थेंब पडायचा आवाज बदलला की झोपेतूनही उठते. गावात त्याला अबू घत्तासचा अरक म्हणतात. बाबा दर वर्षी पहिला घोट घेतात आणि म्हणतात, "माझा हात चालत असता तर…" आणि पेला रिकामा करतात.

अबू घत्तास, म्हणजे घत्तासचा बाप. तीन मुली झाल्या तरी त्यांना कुणाच्या नावानं बाप म्हटलं नव्हतं. तिसरी झाली तेव्हा देवाला कळावं म्हणून त्यांनी तिचं नाव मुंतहा ठेवलं, म्हणजे आता पुरे. देवाला कळलं, पण सावकाश. अकरा वर्षांनी घत्तास आला. तिनंच त्याला कडेवर वाढवला. मग तो माँट्रियलला गेला, तिथं कुणा शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात बिअर करायला शिकला आणि दाढी वाढवून परत आला. मागच्या हिवाळ्यापासून किनाऱ्यावरच्या, डोंगरातल्या छोट्या छोट्या कारखान्यांत हिंडून बाटल्या आणायचा आणि बाबांसमोर मांडायचा – बाबा, हिच्यात संत्र्याची साल आहे, बाबा, ही धुरावर वाळवलेल्या जवाची. आणि बाबा, ज्यांनी जन्मात अरकाशिवाय काही तोंडाला लावलं नाही, ते लहान पोरासारखी जीभ बाहेर काढायचे. एवढं कौतुक… एवढं कौतुक माणसात असतं, तर मग ते इतकी वर्षं ठेवलं कुठं होतं?

"मुंतहा! बाटल्या आण!"

आणल्या. अंगणात वेलीखाली टेबल मांडलेलं; चक्क्यासारखं लबने, हिरवे बदाम, कुटलेलं कच्चं मटण, पुदिना. सगळं तिनं केलेलं. रोमानोस पोट सावरत बसला होता.

"अबू घत्तास, तब्येत काय म्हणतेय?"

"म्हणतेय पुष्कळ. ऐकतंय कोण!"

घत्तासनं ऐटीत पहिलं झाकण उडवलं आणि पेला तिरका धरून ओतली. फेस आला, वर चढतोय असं वाटलं आणि पावसात भिजलेल्या माणसासारखा खाली बसला. खाली राहिलं ते दुधाळ, गढूळ, ताक पातळ करावं तसलं. घत्तासनं पेला उजेडात धरला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं सापडलं की व्हायच्या तशाच. तिला आनंद झाला. लपवायचं कशाला – पोटातून आनंद झाला मला, इतका की ब्रेडची टोपली उगाच इकडची तिकडे केली.

रोमानोसनं वास घेतला. भुवया वर गेल्या.

"हे काय रे?"

तेवढ्यात बाबांनी डावा हात पुढे करून पेला ओढला आणि प्यायले, अर्धं हनुवटीवरून सांडलं. डोळे मिटले. ती वाट पाहत होती त्यांच्या थुंकण्याची. ते थुंकण्यात पटाईत होते; तिचा पहिल्या वर्षीचा अरक त्यांनी पाहुण्यांसमोर थुंकला होता.

"यानसून," बाबा म्हणाले. "अरे गाढवा, इतके दिवस मला साबणाचं पाणी पाजत होतास आणि हे लपवून ठेवलं होतंस? आज वाटलास माझा मुलगा."

रोमानोसनं दुसरा घोट घेतला, मग तिसरा. "बत्रूनपासून वरपर्यंत जो उठतो तो बिअर करतो, आणि सगळे एकमेकांची नक्कल करतात. हे कुणाला सुचलं नाही. फेसाचं काहीतरी बघ पोरा, पण हे… हे आपलं आहे."

घत्तासनं घोट घेतला. गिळायला लागतो तेवढाच वेळ तो तिच्याकडे बघत होता. त्याला कळलं. तिला दिसलं की त्याला कळलं.

"म्हटलं, घरचं काहीतरी हवं आत," तो म्हणाला.

"मी ओतलाय तो." आपलाच आवाज तिला शेजारच्या अंगणातून आल्यासारखा वाटला. "अरक. बिअर नासावी म्हणून… ह्याची. ह्याची नासावी म्हणून ओतला."

रोमानोस असा हसला की टेबलावरचा पुदिना हलला. "घत्तास, बहीण आहे की विंचू! हिला गुत्त्यावर पाठव, गिऱ्हाईक हटायचं नाही!"

"ही?" बाबा खोकत हसले. "ही डाळीत पाणी ओतते तेसुद्धा मला विचारून."

घत्तास सगळ्यात शेवटी हसला, पण हसला. "किती घालतोस बाटलीमागे?" रोमानोसनं विचारलं, आणि तो म्हणाला, "तेवढं राहू दे की आमच्या घरात."

ताटल्या घेऊन ती आत आली. तो मागोमाग आला, दार लोटलं.

"किती घातला होतास?"

"आठवत नाही."

"आठवेल." तो खरंच प्रेमानं बोलत होता, तेच वाईट होतं. "मी रागावलो नाहीये, मुंतहा. उलट… आता बाटल्या तूच भरायच्या. खोलीचं मनाला लावून घेऊ नकोस. दोन पिंपं बसली की पाय ठेवायला जागा नाही राहणार. आणि तुझं लग्न नाही, संसार नाही, कुणासाठी गाळत होतीस तू?"

तो गेल्यावर ती पेल्यात उरलेली बिअर प्यायली. चांगली झाली होती. नुसती बरी नाही. आधी कडवट, मग गार, मग तो वास, मागून येणारा, ओळखीचा. गुडघ्यांना चोळायला ठेवलेला, पहिल्या धारेचा जळका, पिण्यालायक नसलेला अरक सुरईशेजारीच होता. तो ओतला असता तर कुत्र्यानंही तोंड लावलं नसतं. पण तिनं मधल्या धारेचा ओतला, सगळ्यात चांगला. नासवायला गेले तेव्हाही वाईट ओतायला माझा हात धजला नाही… असल्या हाताला काय म्हणावं? तिनं तो हात मोरीच्या कडेवर आपटला. मग दुखला म्हणून पाण्याखाली धरला.

बाहेर ठरत होतं. उद्याच भट्टी काढायची. अंजिराखाली ठेवा, बाबा म्हणत होते, कोंबड्या अंडी घालतील तिच्यात, आणि पुन्हा हसणं. रोमानोसची गाडी उतारावरून खाली गेली. बाबांना दुपारी आडवं करायची वेळ झाली. एका बाजूनं घत्तास, एका बाजूनं ती. पायरीवर त्यांचा सगळा भार तिच्या खांद्यावर आला, तोंड मात्र मुलाकडे होतं. "तुझ्याच हातानं मातीत जाईन रे, राजा," ते म्हणाले. इथले बाप लाडक्या पोराला असंच म्हणतात – तू माझ्यामागं जग, एवढाच अर्थ.

घत्तास पुन्हा फोनवर गेला. तिनं उशी नीट केली, सांडलेल्या बिअरनं चिकट झालेली हनुवटी ओल्या फडक्यानं पुसली, लुळा हात पोटावर ठेवला. वर्षानुवर्षं ह्या खोलीत त्यांचा श्वास अडकला की तिचा अडकायचा. मेणबत्त्या लावल्या, नवस बोलली, गुडघ्यावर बसून म्हणाली की मला ने पण ह्यांना नको. खोटं नव्हतं ते. त्या वेळी खरंच होतं.

बाबांना खोकला आला, मोठा, थुंकीत अडकलेला. चेहरा जांभळा झाला. ती उठली नाही असं नाही, उठली, पाठीमागे हात घातला, चोळू लागली, हात नेहमीसारखाच हळू फिरत होता. आणि ऐकत होती, नुसती ऐकत, पुढच्या खोकल्याची वाट बघत, तो आधीच्यापेक्षा खोल असेल का ते बघत. मग खोकला सुटला. श्वास लागला. बाबांचा रंग परत आला, त्यांनी डोळे मिटले, आणि तिची – माझी – थोडी निराशा झाली.