मी, डिलीटची कळ नसलेला कीबोर्ड

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. मागे उभे असाल त्यांनीही पुढे या, जागा भरपूर आहे. हातातली कामं घटकाभर बाजूला ठेवा आणि कान इकडे द्या. मी एक गोष्ट सांगणार आहे. ती ऐकून उठताना तुम्ही बसताना होतात तसेच राहिलात, तर सांगणाऱ्याचं चुकलं असं समजा.

मी एक जुना कीबोर्ड आहे. काळा, जाडजूड, अंगावरची अक्षरं पुसट झालेला. माझ्या उजव्या बाजूला एक कळ नाही, तिथे नुसता खड्डा आहे. बघणारे म्हणतात, "अरेरे, बिचारा! टाकून द्या आता याला." त्यांना आधीच सांगून ठेवतो, मला बिचारा म्हणायचं काम नाही. माझा एक दात पडलाय, जीभ नाही. आणि तो दात म्हातारपणानं पडलेला नाही, बरं का!

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईनं माझी एकेक कळ जागेवर बसवली. प्रत्येक कळ 'टक्' करून बसली की ती मान हलवायची. शेवटी तिनं सगळ्या कळांवरून एकदा हात फिरवला आणि पुटपुटली, "जा बाबा, चांगल्या हाती पड." त्या दिवशी तिनं कितीजणांना असं म्हटलं असेल कोण जाणे! पण मी तो आशीर्वाद एकट्याचा समजून घेतला आणि तो फळलाही.

मी एका घड्याळजींच्या हाती पडलो. त्यांचं दुकान जिन्याखालचं, अरुंद. भिंतभर घड्याळं, आणि किती वाजले याबद्दल प्रत्येकाचं वेगळं मत. घड्याळजी एका डोळ्याला भिंग लावून बसत. त्यांच्या टेबलावर काचेच्या छोट्या वाट्या उपड्या ठेवलेल्या असत. घड्याळ उघडलं की त्यातून काढलेला प्रत्येक भाग वाटीखाली जायचा. स्क्रू असो, स्प्रिंग असो, गंजून गेलेलं चाक असो. घड्याळ पुन्हा चालू होऊन गिऱ्हाइकाच्या मनगटावर चढेपर्यंत वाटी उचलायची नाही. "काढलेला भाग फेकायचा नसतो," असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं, आणि त्यांनी ते देवाच्या नावासारखं धरून ठेवलं होतं.

दुकानाच्या पुढच्या बाजूला त्यांची मोठी बहीण बसायची. सगळे तिला अक्का म्हणत. अक्का घड्याळांचे पट्टे आणि सेल बदलायच्या आणि हात चालू असताना गुणगुणायच्या:

सुटले ते सांभाळ, तुटले ते जोड,
देवाघरी कुणाची होत नाही मोड.

पट्टा बदलून झाला तरी त्यांचं गाणं संपायचं नाही. गिऱ्हाईक तसंच उभं राहायचं.

आता घड्याळं दुरुस्त करणारे लोक कमी होत चालले होते. एक या गावात, एक त्या गावात. एखादं जुनं यंत्र अडलं तर विचारायचं कुणाला? म्हणून घड्याळजींनी इंटरनेटवर एक फोरम काढला. नाव ठेवलं 'टिकटिक कट्टा'. त्याचं पहिलं अक्षर माझ्यावर उमटलं, याचा मला आजही गर्व आहे. असायलाच हवा.

पण मित्रांनो, हौसेला अक्कल नसते. घड्याळजींनी माणसं यायच्या आधीच कट्ट्यावर दालनं बांधली. मनगटी घड्याळांचं वेगळं, भिंतीवरच्यांचं वेगळं, गजराच्यांचं वेगळं, काचांचं, काट्यांचं, तेलाचंसुद्धा वेगळं! पहिला पाहुणा आला, सगळीकडे डोकावला, सगळीकडे शुकशुकाट बघून निघून गेला.

"अरे, पाहुणा एक आणि खोल्या पंचवीस," अक्का म्हणाल्या. "तो कुठल्या खोलीत बसून स्वतःशीच गप्पा मारणार?"

घड्याळजींनी भिंती पाडून एकच मोठी खोली ठेवली. मग त्यांनी नियम लिहायला घेतले. माझी बोटं मोडली म्हणायला मला बोटं नाहीत, पण कळा दुखल्या. संध्याकाळी त्यांनी ते सगळं वाचून दाखवलं. अक्कांनी एक पट्टा काढला, दुसरा चढवला, तरी वाचन चालूच.

"हे वाचेपर्यंत माणसाचं घड्याळ आपोआप दुरुस्त होईल रे!"

"मग काय ठेवू?"

"नीट बोला. घड्याळाचा फोटो टाका. इथे दुकान मांडू नका. बस!"

आणि कट्टा भरला! कुणी चाकाचा फोटो टाकायचा, कुणी त्यावर बाण काढून परत पाठवायचा. घड्याळजी सगळं मोठ्यानं वाचायचे, अक्का पुढून शेरे मारायच्या आणि मी टकटक करत उत्तरं लिहायचो. मला कुणी विचारलं असतं, "स्वर्ग कुठे असतो?" तर मी म्हटलं असतं, "जिन्याखाली."

याच काळात लंबक आल्या. लंबक हे त्यांनी कट्ट्यावर घेतलेलं नाव. एकट्या राहणाऱ्या बाई. नवरा भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करायचा, तो गेल्यावर त्यांनीच दुकान चालवलं आणि हात थकल्यावर बंद केलं. रोज सकाळी त्यांची पोस्ट ठरलेली. "माझं घड्याळ आज चार मिनिटं मागे आहे. मी मात्र वेळेवर उठले. तुमचं काय?" मग एकजण लिहायचा, "आमचं घड्याळ पुढे आहे, सासूबाईंनी ढकललंय." दुसरा लिहायचा, "आमचं बरोबर आहे, आम्हीच बंद आहोत." अशा दोन-चार थट्टा झाल्या की मग दिवसाचे प्रश्न सुरू व्हायचे. वाद्य लावून घेतल्यासारखं होतं ते, बरं का. आधी सूर जुळायचा, मग गाणं.

आणि मग चावीवाले आले. हेही कट्ट्यावरचंच नाव. ज्ञान अफाट. ज्या घड्याळाचं नाव घ्याल, त्याच्या स्प्रिंगची जाडी तोंडपाठ. पण जिभेला धार अशी की उत्तर मिळालेला माणूस रडत घरी जावा! सगळ्यात जास्त तेच लिहायचे, म्हणून घड्याळजींनी त्यांनाच कट्ट्याची देखरेख दिली. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, याचा अधिकार दिला. जो जास्त बोलतो तो जास्त ऐकत असेल, असं त्यांना वाटलं. देवानं कान दोन आणि तोंड एक का दिलंय, याचा घड्याळजींना त्या दिवशी विसर पडला.

नवा माणूस दारात आला की चावीवाले म्हणायचे, "आधी शोधा, मग विचारा." लोक शोधायचे. दुसरा कट्टा शोधायचे.

एक दिवस त्यांनी घड्याळजींना लिहिलं, "या लंबकबाई रोज सकाळी काय दळण दळतात? हा जाणकारांचा कट्टा आहे की चहाची टपरी?"

घड्याळजींना ते लागलं. भिंगातून धूळ शोधायची सवय असलेला माणूस. त्यांना वाटलं, ही धूळच आहे. दुसऱ्या दिवशी लंबकची पोस्ट आली, त्यांनी माऊसनं तिच्यावर खूण केली आणि माझी डिलीटची कळ दाबली. कारण सांगितलं नाही. ना उघड, ना खाजगीत.

लंबकनी परत लिहिलं, "सकाळची पोस्ट पोचली नाही वाटतं." डिलीट. "माझं काही चुकलं का?" डिलीट. शेवटी त्यांचं खातंच बंद केलं. त्या दिवसांत माझी ती एक कळ इतकी दाबली गेली की तिच्यावरची अक्षरं आधी गेली. मी कुरकुरत होतो, अडकत होतो, एका दाबात काम करत नव्हतो. घड्याळजी म्हणायचे, "खराब झालाय मेला." मी खराब झालो नव्हतो, मित्रांनो. मी नाही म्हणत होतो!

कट्टा शांत झाला. घड्याळजींना आधी ते आवडलं. मग कळलं, शांत झालेलं घड्याळ म्हणजे बंद पडलेलं घड्याळ.

"हल्ली वाचून दाखवत नाहीस ते," एकदा अक्का म्हणाल्या.

"येतच नाही काही."

"लंबकचं घड्याळ काय म्हणतंय?"

"त्यांना काढलं. विषय सोडून बोलायच्या."

अक्कांचा हात थांबला. गुणगुणणंही थांबलं. आणि अक्कांचं गाणं मध्येच थांबलं की समजावं, काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी बाहेर गेले होते. अक्का येऊन माझ्यासमोर बसल्या. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत त्यांनी कट्ट्यावर नवं नाव नोंदवलं, 'पट्टेवाली'. मग लिहिलं, "एकाचं मनगटी घड्याळ पाण्यात पडलंय. सगळ्यात आधी काय करावं?"

चावीवाल्यांचं उत्तर लगेच आलं. "आधी शोधा, मग विचारा. डोकं काय टोपी घालायला दिलंय?"

अक्कांनी लिहिलं, "माहीत असेल तर सांगा, नसेल तर गप्प बसा. टोपी मी घालत नाही."

पडद्यावर पाटी आली, 'तुम्हाला प्रवेश नाही.'

घड्याळजी आले तेव्हा अक्का तशाच बसल्या होत्या. "वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं वाच. तुझ्या घरातून तुझ्या बहिणीला हाकललंय."

घड्याळजींनी वाचलं. कान लाल झाले. "थांब, हे आधी काढून टाकतो. कुणी बघितलं तर..." आणि त्यांनी डिलीटवर बोट ठेवलं.

तेव्हा, मित्रांनो, मी ती कळ सोडली. कुणी म्हणेल झिजली होती, कुणी म्हणेल निसटली. म्हणा खुशाल! ती टणकन उडाली आणि टेबलावरून खाली गेली. घड्याळजी सवयीनं वाकले, चिमट्यानं तिला उचललं आणि सवयीनंच काचेच्या वाटीखाली ठेवलं.

"का ठेवलीस?" अक्कांनी विचारलं.

"का म्हणजे? काढलेला भाग..."

आणि त्यांची नजर वाटीवरून पडद्यावर गेली.

"प्लास्टिकच्या तुकड्याला वाटी आहे," अक्का म्हणाल्या. "त्या बाईला नव्हती."

घड्याळजींनी वाटी हलकेच बाजूला सरकवली. मग त्यांनी मला जवळ ओढलं. काढलेल्या पोस्ट खरं तर कट्ट्याच्या टोपलीत पडून असतात, कुणी टोपली रिकामी करेपर्यंत. घड्याळजींनी ती कधी रिकामी केली नव्हती. वडिलांची शिकवण हातात मुरलेली होती, डोक्यातून तेवढी गेली होती. त्यांनी लंबकची एकेक पोस्ट होती त्या जागी परत ठेवली. अक्कांचं भांडणही तसंच राहू दिलं. आणि सगळ्यांसमोर लिहिलं, "लंबकना मी काढलं. कारण न सांगता काढलं. चूक माझी आहे. नव्या माणसांशी टोचून बोलू दिलं, ती चूकही माझीच. चावीवाले, आजपासून देखरेख मी करीन."

चावीवाले उसळले. "मी गेलो तर कट्टा बंद पडेल!"

घड्याळजींनी माझ्यावरून हात उचलला. अक्का मागून म्हणाल्या, "लिही. दार उघडं आहे. जायलाही आणि यायलाही."

तेच शब्द मी लिहिले. इतक्या जोरात माझ्या कळा कधी वाजल्या नव्हत्या.

लंबकना ईमेल गेला. उत्तर लवकर आलं नाही. आलं ते असं: "मी कुणाच्या टोपलीतून उचललेली वस्तू नाही. परत येईन, पण माझ्या अटीवर. यापुढे कुणाला काढायचं असेल तर कारण सांगून, तोंडावर सांगून काढा. आणि हो, माझं घड्याळ आज सहा मिनिटं मागे आहे."

अक्का इतक्या हसल्या की हातातला पट्टा खाली पडला.

पुन्हा सकाळी सूर लागू लागला. गेलेले परतले. चावीवालेही थोडे दिवस रुसून परत आले आणि न टोचता उत्तरं द्यायचा सराव करू लागले. अवघड जात होतं त्यांना, पण करत होते.

आणि एका सकाळी लंबकची पोस्ट आली नाही.

पूर्वी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आता कट्ट्यावर एकच विचारणा. "लंबक कुठे आहेत?" "घड्याळ बंद पडलं का?" मग थट्टा थांबली. फोन लावले, कुणी उचलेना. तेवढ्यात चावीवाल्यांनी लिहिलं, "माझं गाव जवळ आहे. निघालो."

दुकानात घड्याळजींनी भिंग काढून ठेवलं. अक्का गुणगुणत होत्या, पण ओठ नुसते हलत होते. मग पडद्यावर आलं, "दार उघडत नाहीत. शेजाऱ्यांना घेऊन आत जातोय." मग पडद्यावर काही येईना. भिंतीवरची सगळी घड्याळं त्या वेळी एकमतानं वाजत होती असं मला वाटलं.

शेवटी चावीवाल्यांची पोस्ट आली. "स्वयंपाकघरात पडल्यात. पाय मोडलाय. उशीर का केलास म्हणून मला शिव्या घालतायत. म्हणजे ठीक आहेत."

अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. घड्याळजींनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

ज्याला धूळ म्हणून झटकलं होतं, मित्रांनो, ती त्या बाईची रोजची खूण होती. 'मी आहे' एवढंच ती सांगत होती.

त्यानंतर लंबक बरीच वर्षं जगल्या, काठी टेकत आणि थट्टा करत. आता त्या देवाघरी आहेत. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ चावीवाल्यांनी स्वतः आणून आमच्या दुकानात लावलंय. ते मागे पडतं. घड्याळजी दुरुस्त करत नाहीत. सकाळची पोस्ट आता अक्का लिहितात, माझ्यावर, एका बोटानं.

मध्ये कुणीतरी चकचकीत नवा कीबोर्ड आणून दिला. अक्कांनी तो खोक्यासकट कपाटात ठेवला. माझी कळ अजून वाटीखाली आहे. वाटी कधी उचलणार, असं अक्कांनी विचारलं तर घड्याळजी म्हणाले, "घड्याळ दुरुस्त करून परत देता येतं, कट्टा रोजच दुरुस्त करावा लागतो. राहू दे तिथेच." शिवीगाळ करणारे येतात, दुकान मांडणारे येतात, त्यांना आजही काढावं लागतं. पण आता ते माऊसनं, कारण लिहून, दोनदा विचारून. तेवढ्या वेळात राग निवतो.

तेव्हा मला भंगारात टाकायची भाषा करू नका. तुम्हीही उद्या चार माणसांचा कट्टा चालवाल. खोल्या कमी बांधा, नियम थोडे ठेवा, नव्या माणसाला आधी या म्हणा. पटलं तर करा, नाही पटलं तर तुमची तुम्हाला अद्दल घडेल. मी माझं सांगून मोकळा झालो.

फक्त एक करा. उद्या सकाळी घड्याळाकडे बघाल, आणि ते थोडं मागे असेल, तर लगेच काटा फिरवू नका. क्षणभर थांबा आणि आमच्या लंबकची आठवण काढा.