मोजा

व्हर्ना हॅलोवेने बटाटा उचलला, सुरी चालवली आणि साल तुटू न देता म्हणाली, "दार लाव. थंडी आत येतेय."

"कट," प्रुइट म्हणाला.

मग तो हातातले कागद उगाच चाळत बसला. अठ्ठावीस वर्षांचा दिग्दर्शक कागद चाळू लागला की समजावं, नकार कसा द्यायचा याची जुळवाजुळव चाललीय.

"मिस हॅलोवे, तुम्ही सुंदर दिसता," तो शेवटी म्हणाला. "तीच तर अडचण आहे. मला युद्धावरून परतलेल्या बावीस वर्षांच्या पोराची आई हवी आहे. तुमच्या माहितीच्या कागदावर वय लिहिलंय छत्तीस. चौदाव्या वर्षी बाळंत झालात म्हणू का?"

व्हर्ना हसली. दुसरं करणार काय? ते छत्तीस तिने लिहिलंच नव्हतं. १९३० साली स्टुडिओच्या जाहिरात खात्याने तिला एका टेबलाशी बसवून आठ वर्षं कमी केली होती. वर म्हणाले, आईलासुद्धा सांगून ठेव. आईने बिचारीने मरेपर्यंत ते पाळलं. सिनेमाच्या या गावात सगळ्यांचीच वयं अशी कापलेली. पण दोन वर्षांपूर्वी करार संपला आणि तेच कमी केलेलं वय आता तिच्या मुळावर उठलं होतं. नायिका म्हणून कोणी घेत नव्हतं, आणि आई म्हणून उभी राहिली तर कागद आडवा येत होता. दोन वर्षांत हे पहिलंच बोलावणं. तेही चाचणीचं! एकेकाळी तिच्यासाठी अख्खा सेट खोळंबायचा.

"अजून एकदा करू या?" तिने विचारलं.

प्रुइटने घड्याळ पाहिलं. "फिल्म थोडी शिल्लक आहे. एकदाच."

ती उठून कॅमेऱ्यापाशी गेली. तिची ही जुनी खोड. प्रत्येक शॉटआधी ती भिंगात डोकावायची, तिथे इवलीशी व्हर्ना दिसायची, तिला मनात म्हणायची, चल गं बाई. आज काचेत कुणीच नव्हतं. नुसता धुरकट काळोख.

ती क्षणभर तशीच वाकून राहिली. मग कॅमेऱ्यामागच्या म्हाताऱ्या गस लिंडक्विस्टकडे बघून हळूच म्हणाली, "गस, मोजा काढ."

"कसला मोजा?"

"माझ्या तोंडावर चढवलायस तो."

गसने प्रुइटकडे चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हळू बोल की! भिंगावर रेशमी मोजा ताणलाय, त्यात काय एवढं? त्याने सुरकुत्या दिसत नाहीत. सगळ्यांनाच लावतो."

"मला न विचारता?"

"पंधरा वर्षं तुझ्या चेहऱ्यावर उजेड टाकतोय मी. या दोन वर्षांत तुझी काय दशा झालीय ते दिसत नाही का मला? त्या पोरासमोर तुला उघडं पाडू?" त्याचा आवाज चिरकला. "माझ्या हातून नाही होणार ते."

व्हर्नाला राग यायला हवा होता. आला नाही. तिने त्याच्या बाहीला हात लावला.

"अरे वेड्या, तुझ्या मायेनेच मी घरी बसेन बघ. त्याला आई हवीय. काढ तो. आणि तो सुरकुत्या पुसणारा वरचा लाडका दिवा आहे ना, तोही विझव."

गस पुटपुटला, "बाईमाणसाच्या डोक्यात काय शिरेल सांगता येत नाही." पण त्याने मोजा सोडवला. दिवा विझवला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मानेवरची सैल कातडी, सगळं बाहेर आलं. मेकअपवाल्या इर्माने तोंडावर हात नेला.

व्हर्ना टेबलाशी बसली. तिने बटाटा उचलला. मुलाची वाक्यं प्रुइटच वाचत होता.

"दार लाव. थंडी आत येतेय."

"आई, मी आलोय," प्रुइटने वाचलं.

तिने वर पाहिलं. सुरी तशीच हातात राहिली. पुढचं वाक्य प्रुइटचं होतं. ते आलं नाही. ती थांबली. तरी आलं नाही. कागद मांडीवर ठेवून तो तिच्याकडे नुसता बघत होता.

"जेवलास का रे?" ती म्हणाली. हे संहितेत कुठेच नव्हतं.

प्रुइटने मान हलवली. नाही.

"मग बस. बटाटे होतायतच."

रीळ फडफडत संपलं. 'कट' कुणीच म्हटलं नाही. इर्माने नाक पुसलं, तेव्हा प्रुइट भानावर आला. त्याने तिचा कागद ओढला, पेन्सिलीने छत्तीसवर काट मारली आणि विचारलं,

"किती लिहू?"

व्हर्ना गसकडे वळली. तो मुद्दाम छताकडे बघत होता.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. "गेल्या मंगळवारी पूर्ण झाली."

"मंगळवारी?" गस उसळला. "आणि केक कुठाय?"

"तीस सालापासून वाढदिवस कुणाला सांगायचीच चोरी होती रे."

प्रुइटने आकडा लिहिला. "सोमवारी सकाळी सात वाजता. केसांना रंग लावू नका."

"सातला?" व्हर्ना म्हणाली. "मी सहालाच येते."

गसने मोजा गुंडाळून कोटाच्या खिशात कोंबला. "मग केक मीच आणतो," तो म्हणाला. "मेणबत्त्या किती ते आता सगळ्यांनाच ठाऊक झालंय."