सीटला हात लावायचा नाही

फ्लेक्सवर ह्यांचा जो फोटो छापायचा ठरला होता, तो माझ्या चुलत नणंदेच्या लग्नातला. शेजारच्या माणसाला कापून टाकलं होतं, पण त्याचा हात ह्यांच्या खांद्यावर तसाच राहिला होता. खाली मोठ्या अक्षरांत ‘कै. सोमेश्वर सर स्मृती चिखल सायकल शर्यत, आष्टी’. कारभारी मला ते मोबाइलवर दाखवत होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. आता ही रडेल, असं त्याला वाटत असावं.

मी म्हटलं, “हा हात कुणाचा आहे?”

कारभारी बिचारा गोंधळला. तो ह्यांचा मित्र, ट्रॅक्टरवाला. दर रविवारी हे दोघं आणि गावातले आणखी काही हौशी लोक सायकली घेऊन परतूरच्या रस्त्याला लागायचे. हायस्कूलमध्ये भूगोल शिकवणाऱ्या माझ्या मिस्टरांनी एकदा फोनवर परदेशातली चिखलातली शर्यत बघितली. लोक सायकल खांद्यावर घेऊन पळतायत, पडतायत, पुन्हा बसतायत. हे म्हणाले, “हे तर आपण रोजच करतो, फक्त आपल्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.” आणि मग कारभारीच्या रानात शर्यत सुरू झाली. गौरी-गणपती झाले की पुढच्या रविवारी. रब्बीच्या ज्वारीसाठी राखलेलं ते रान तेव्हा मोकळंच असतं.

पौषात हे शाळेत खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत.

तेव्हापासून मला रडू आलेलं नाही. येणाऱ्या बायका गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि कुणाला चहा मिळाला नाही ते बघायचे. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, गाल चावला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. “दैवशाला दगडाची आहे,” असं कुणीतरी मागे बोललं, तेही माझ्यापर्यंत पोचलं. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

“वहिनी, नारळ तुमच्या हातानं फोडू,” कारभारी म्हणाला. “खुर्ची टाकतो. शाल, श्रीफळ, समदं बराबर करतो.”

“मी शर्यतीत उतरते,” मी म्हटलं.

ह्यात शौर्य काही नव्हतं. शालीची चीड आली, एवढंच. आणि ती चीड येताना मला जाणवली, म्हणून बरं वाटलं. चिखलात पडले, ढोपर फुटलं, तर तेही जाणवेल. मला तेवढंच बघायचं होतं, की आत काही उरलंय की सगळंच गेलं.

माझी स्वतःची लेडीज सायकल आहे, पण तिला मधला दांडा नाही. बांध आला की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि दांडा नसेल तर खांद्यावर घ्यायचं काय? म्हणजे ह्यांची सायकल. ती पोर्चमध्ये भिंतीला टेकून होती, जशी त्यांनी ठेवली होती तशीच. हे चांगले उंच, मी त्यांच्या खांद्याला लागायचे. कुणी सायकल मागून नेली की सीट खाली घेऊन परत आणायचं, म्हणून वैतागून ह्यांनी सीटखालच्या पाइपवर काळ्या चिकटपट्टीचे वेढे मारून ठेवले होते. एवढी वर, ह्याच्या खाली नाही.

आणि त्या सीटला आणखी एक काम होतं. माझ्या सासूबाई, झुंबरबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, कमरेत वाकल्यात आणि त्यांना डोळ्यांनी आता अंधुक दिसतं. सकाळी तोंड धुवायला नळावर जाताना त्या सायकलपाशी थांबतात, हात वर करून सीटवर ठेवतात. थोड्या वेळाने हात काढतात आणि पुढे जातात. मुलगा गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. मी खिडकीतून बघते आणि चहात साखर घालते.

सायकल घेऊन मी बाजारात साजिदच्या दुकानी गेले. साजिद ह्यांचा विद्यार्थी, आता दोन पोरांचा बाप. त्याने सायकल स्टँडवर चढवली, चाक फिरवलं आणि थोडा वेळ नुसता फिरणाऱ्या चाकाकडेच बघत राहिला.

“भाभी, पहिले मडगार्ड उतरवू,” तो म्हणाला. “काळी माती हाय. मडगार्डात घुसली की चाक जाम.”

“काढ.”

मडगार्ड निघाले. स्टँड निघाला, कॅरियर निघालं, घंटी निघाली. मी एकेक वस्तू पिशवीत टाकत होते. घंटीवर ह्यांच्या अंगठ्याने रंग गेला होता. मी ती बघितली आणि पिशवीत टाकली.

“टायर मोठे टाकू. कारभारीशेठनी बी मोटेच टाकले. ट्रॅक्टरसारखं. चिखलात बिलकुल रुतणार न्हाई.”

“ट्रॅक्टरला इंजिन असतं, साजिद. माझ्याकडे काय आहे? रुंद टायरला माती जास्त लागते आणि वर जागा उरत नाही. बारीक टाक, खरबरीत नक्षीचे. आणि हवा कमी ठेव.”

“बाकी लोक हसतील.”

“हसू देत. त्यांना तरी येतंय.”

साजिदने टायर बारीक टाकले. साखळीला तेल घातलं, पाय सटकू नये म्हणून लोखंडी दात्यांचे पेडल लावले, ब्रेकचे रबर बदलले. मी पिशवीतून घरचं छोटं खुरपं काढलं. माझे वडील नांगर धरायचे तेव्हा त्यांच्या पराणीच्या खालच्या टोकाला लोखंडी पट्टी असायची. बैलाला टोचायचं वरच्या टोकाने, आणि फाळाला चिकटलेली माती खरवडायची खालच्याने. चिखलात जाणाऱ्या माणसाकडे खरवडायला काहीतरी पाहिजे, हे मला कुठल्या परदेशी व्हिडिओवरून शिकायची गरज नव्हती. ते खुरपं आम्ही जुन्या ट्यूबच्या तुकड्याने दांड्याला बांधलं. साजिदला ते आवडलं.

मग त्याने पाना उचलला आणि सीटच्या नटाला लावला. “ही चार बोटं तरी खाली घ्यावी लागंल, भाभी. तुमचे पाय न्हाई पोचायचे.”

“सीटला हात लावायचा नाही.”

“अहो, पण उतरून परत बसताना...”

“आत्याबाई रोज सकाळी हात ठेवतात त्यावर. राहू दे.”

साजिदने पाना खाली ठेवला आणि हात पुसले. मंग ठीक हाय, म्हणाला. मी सासूबाईंचं नाव पुढे केलं आणि ते चाललं. अशी नावं नेहमीच चालतात.

शर्यतीच्या सकाळी आत्याबाई सीटवर हात ठेवून म्हणाल्या, “काय घालून जाऊन राह्यलीस?”

“सलवार.”

“मंग पायाला दोरी बांध. साखळीत जाईल.” आणि नळावर गेल्या.

पाऊस दोन दिवसांपूर्वी थांबला होता, तेच वाईट. धो धो पडत असताना चिखल पातळ असतो, लागतो आणि वाहून जातो. पाणी मुरून वापसा आला की माती मोकळी होते. पण ह्या दोन्हींच्या मधे जी काळी माती असते ती कुणाची नसते. ती धरते आणि सोडत नाही. रानात पाऊल टाकलं की चप्पल मागे आणि पाय पुढे. सगळं गाव बांधावर बसलं होतं. फ्लेक्सवर हे हसत होते, खांद्यावर तो परका हात.

नारळ शेवटी कारभारीच्या आईने फोडला.

सुरुवातीला मजा झाली. कारभारीचे ते ट्रॅक्टरसारखे टायर रानातल्या नाल्यापर्यंतसुद्धा गेले नाहीत. माती टायरवर चढली, वर फ्रेमला टेकली आणि चाक फिरायचंच बंद झालं. तो सायकल डोक्यावर घेऊन चालला तेव्हा बांधावरची माणसं शिट्ट्या मारायला लागली. बाकीच्यांचंही तेच. माझे बारीक टायर मात्र चालत होते. माती चढली की मी वरूनच खुरप्याने खरवडायचे आणि पुढे जायचे. पेडलच्या तळाशी चवडा जेमतेम पोचत होता, पण पोचत होता.

मग पहिला बांध आला. उतरले, सायकल खांद्यावर घेतली, बांध चढले, उतरले. आता परत बसायचं. टांग टाकायला गेले तर सीट माझ्या कमरेच्या वर; निघताना साजिदने सायकल धरली होती, इथे धरायला कुणी नव्हतं. एका पायावर नाचत कशीतरी बसले, दुसरा पाय पेडलवर पोचायच्या आत सायकल कलंडली आणि मी तोंडावर आपटले. तोंडात माती गेली. लागलं, पण लांबून लागल्यासारखं. पुन्हा बसायला गेले, पुन्हा पडले. लोक हसले, मग हसायचे थांबले. ते थांबणं मला जास्त खुपलं.

दुसऱ्या बांधापाशी तेच. बाकीचे सगळे, ज्यांची चाकं फिरतही नव्हती ते, सायकली ओढत माझ्या पुढे गेले. मी चिखलात बसून राहिले. समोर सीट होती, चिखलाने माखलेली, आणि तिच्याखाली काळ्या पट्टीचे ते वेढे. माझे पाय त्या उंचीला पोचत नाहीत. कधीच पोचणार नाहीत. एवढी साधी गोष्ट, आणि ती कळायला मला भर गावासमोर चिखलात बसावं लागलं.

“साजिद,” मी ओरडले, “पाना आण.”

तो चपला हातात घेऊन धावत आला. नट सैल केला आणि सीट दाबली. ती हलेना. पट्टीचे वेढे नळीच्या तोंडाशी अडत होते. जाड, उन्हात विरघळून घट्ट झालेले.

“ही काढावी लागंल, भाभी,” तो हळू म्हणाला. “मी काढू?”

“नको.”

मी खुरपं सोडवलं आणि पट्टी खरवडायला लागले. ती सहज निघाली नाही. ह्यांनी कुठलंही काम अर्धवट केलं नव्हतं. एकेक वेढा तुटून बोटांना चिकटत होता, मातीत मिसळत होता. मग पाइप उघडा पडला, खाली चकचकीत, कधीच ऊन न लागलेला. साजिदने सीट दाबली. ती एकदाच कर्रकन वाजली आणि खाली गेली. पट्टीचे तुकडे कुठे पडले ते मी बघितलं नाही.

मी बसले. पाय पोचले. उरलेले बांध मी उतरले, चढले, बसले. शेवटच्या नंबरावर आले, कारभारीच्याही मागे. त्याने सायकल डोक्यावर घेऊन शर्यत पूर्ण केली होती. कुणीतरी शाल आणलीच होती. मी चिखलाने भरले होते म्हणून ती त्यांनी सायकलच्या हँडलवर टाकली. मला काही वाटलं नाही. ढोपर सुजलं होतं, ते सुजलं आहे एवढंच कळलं.

घरी येऊन सायकल धुतली, पोर्चमध्ये त्याच भिंतीला टेकवली. आत्याबाई आडव्या झाल्या होत्या. मी त्यांना काही सांगितलं नाही. काय म्हणून सांगू? तुमच्या मुलाची सीट मी खाली घेतली?

सकाळी चहा ठेवला आणि खिडकीपाशी उभी राहिले. आत्याबाई उठल्या, पदर सारखा केला, पोर्चमध्ये आल्या. सायकलपाशी थांबल्या. हात वर गेला, नेहमीच्या जागी. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला, बोटं उघडी.

मी धावत बाहेर आले. “आत्याबाई...”

त्यांचा हात हळूहळू खाली आला. चाचपत, चाचपत. सीट सापडली तसा त्यांनी तो पूर्ण पंजा तिच्यावर टेकवला आणि खांदा सैल सोडला.

“खाली घेतली का गं?”

“हो. मला पोचत नव्हती.”

“बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “लई उंच होती माय. रोज हात वर करू करू माझा खांदा भरून यायचा.”

“मग बोलला का नाहीत इतके दिवस?”

“कशी बोलू? मला वाटलं, तुला तशीच लागती.”

मी तिथेच पायरीवर बसले. ढोपर दुखत होतं, जोरात दुखत होतं, आणि गळ्यातून जो आवाज निघाला तो माझा आहे हे मला आधी कळलंच नाही. शेजारची बेबीनंदा झाडू हातात घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. आत चहा उतू जाऊन चुलीवर चर्र वाजला.

“जाऊ दे चहा,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी सीटवरचा हात काढला नाही. दुसरा हात पुढे करून त्या माझं डोकं शोधत होत्या.