कुंकू लागलेल्या कुप्या

मानपाड्याच्या आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. मालक दौलतराव यांच्या पत्नी कलावतीबाई ओल्या बोटांनी प्रत्येक मशीनला हळदकुंकू लावतात. माझी त्याला हरकत नाही. पण यंदा त्यांनी संचिताच्या दोन कुप्यांनाही लावलं, आणि भक्ती जरा जास्तच ओली होती.

संचिता आमच्याकडची नवी मुलगी. खूप खपून तिने अमिनो आम्लांची एक छोटी साखळी बनवली होती. ही साखळी रोगाच्या प्रथिनाला जोडली, की पेशी त्याला कचरा समजते आणि स्वतःच मोडीत काढते. दुसऱ्या कुपीत तीच आम्लं, फक्त क्रम बदललेला. ती निकामी, तुलनेपुरती. दोन्हींत पांढरी पावडर. संध्याकाळी त्या ठाण्याच्या संशोधन केंद्रात पोचवायच्या होत्या, आणि त्यावरच तिची नोकरी कायम होणं अवलंबून होतं. मार्कर संपला म्हणून या बयेने नावं जेल पेनने लिहिलेली. कुंकवात ती पार फिसकटली.

"सुमेधाताई, वजन करून बघूया का?" ती रडवेली झाली.

"अगं, मणी तेच, माळ फक्त वेगळी ओवलीय. वजन सारखंच येणार!" मी खेकसले. आमचं मशीन वजनापलीकडे काही सांगत नाही.

दौलतराव धावत आले. "डावी द्या खरी म्हणून. देवाचं नाव घ्या नि द्या. आणि संचिता, हे बाहेर कळलं तर उद्यापासून येऊ नकोस."

संचिताने डोळे पुसले आणि त्यांच्यासमोरच केंद्रातल्या विनीत सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, कुंकवासकट. मला तिचा फार अभिमान वाटला, आणि तिच्यासाठी भीतीही.

पलीकडून मोठ्याने हसणं आलं. "अगं, नावं नकोतच! खरी कुठली ते कळलं की आमची पोरं तिलाच झुकतं माप देतात. तशाच पाठव. जिने प्रथिन गायब होईल ती खरी."

मी कुप्यांवर नुसतं 'डावी' आणि 'उजवी' लिहिलं, वरून चिकटपट्टी लावली.

निकाल आला. एकीने पेशींतलं प्रथिन साफ केलं होतं, दुसरी ढिम्म. दौलतराव पेढे घेऊन हजर. "मी नेहमी सांगतो, धंद्यात खरं बोलावं!"

"साहेब, तुम्ही डावी द्या म्हणालेलात," संचिता म्हणाली. "काम उजवीने केलं."

दौलतरावांनी हातातला पेढा स्वतःच्याच तोंडात टाकला आणि तिला कायम केलं.