कावळ्यानं नेलेला गोलकीपर

"कावळा? पाच मिनिटांत शिवतो बघा," मुकुंद म्हणाला. "मारुतरावांची एकच इच्छा उरली होती, कपाची. आणि कप तर रविवारी घरी येतोय. अडकायचं कारणच काय राव?"

तासाभरानंही आम्ही चऱ्होलीच्या घाटावर हात जोडून उभे होतो आणि कावळा पिंपळाच्या फांदीवर आमच्याकडं पाठ करून चोच घासत होता.

मारुतराव म्हणजे भैरवनाथ फुटबॉल क्लबचे सगळ्यात जुने आणि सगळ्यात नाराज चाहते. हरलो तर नाराज, जिंकलो तर कसे जिंकलो म्हणून नाराज. औद्योगिक लीगच्या मागच्या मॅचला आपल्या टीमच्या एका पोरानं रिकामं मैदान समोर असताना बॉल मागं दिला, तेव्हा "अरे, मागं नको!" असं ओरडत ते उठले. उठले ते पुन्हा बसले नाहीत, थेट आडवे झाले. आज त्यांचा दहावा.

आता राहिली होती शेवटची मॅच, भोसरीबरोबर. बरोबरी झाली तरी कप आपला. असं सोपं गणित असलं की आमच्याकडं हमखास घोळ होतो.

"मारुतराव, कप आणतो! शब्द आहे!" मुकुंद पिंडाकडं बघून म्हणाला. मुकुंद चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्यामुळं जगात काहीही बिघडलं की त्याला वाटतं, आपल्याला आधी विचारलं असतं तर बिघडलं नसतं.

कावळा हलला नाही.

"मारुतरावांच्या नावानं ग्राउंडवर भव्य कमान उभारू," दादासाहेब म्हणाले. दादासाहेब क्लबचे अध्यक्ष आणि चाकणच्या एका प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रे दाबायच्या कारखान्याचे, मालक. गावात कुणीही गेलं की ते कमान जाहीर करतात. कावळा आणखी वरच्या फांदीवर गेला.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढं अजून दोन दहावे होते. "दर्भाचा कावळा करून शिववू का? शास्त्रात आहे."

"गवताचा?" मारुतरावांच्या बायको सोजराबाई पदर सावरत म्हणाल्या. "माझा नवरा काय गवताचा व्हता? न्हाई. खराच येऊ द्या. बोला की रं त्येंच्याशी काय ते. तुमी मुकं झालाय म्हनून त्ये बसलंय तिकडं."

तेव्हा अवधूतनं तोंड उघडलं. अवधूत ताथवड्याला आयटीत आहे. मॅच बघताना तो मॅचकडं कमी आणि मोबाईलवरच्या टक्केवारीकडं जास्त बघतो.

"मारुतरावांना कप नकोच होता. त्यांना खेळ हवा होता, पुढं जाणारा. शेवटचे शब्द काय होते? मागं नको!"

"म्हणजेच मागं बॉल येऊ देऊ नका," मुकुंद म्हणाला. "म्हणजे बचाव. बरोबरी पुरते ना? मग दहाही जण गोलपुढं उभे करायचे. भिंत!"

"भिंत बघायला कोण येतं भावा? चऱ्होलीत काय भिंती कमी पडल्यात? जिकडं बघावं तिकडं बिल्डरनं उभ्या केल्यात."

"आणि हल्ला करून काय मिळतं? मागच्या वर्षी केला ना हल्ला? सगळे पुढं गेले आणि मागं फक्त गोलकीपर प्रितम आणि एक कुत्रं राहिलं."

"कुत्र्यानं बॉल अडवला होता!"

"पण प्रितमनं कुत्रा अडवला ना!"

आमचे कोच रणजीतसर दोघांच्या मधे उभे राहून दोघांनाही मान डोलावत होते. त्यांची कोचिंगची पद्धत तीच आहे.

"थांब, दाखवतोच तुला," म्हणून अवधूत पायरीवर बसला. नैवेद्याच्या पानात सोजराबाईंनी मारुतरावांच्या आवडीचे वडे आणले होते. अवधूतनं ते एकेक करून दगडी पायरीवर मांडले. "हे चौघं मागं. हे तिघं मधे. हे तिघं पुढं. आणि हा मोठा, हा आपला प्रितम, गोलमधे."

"अहो, नैवेद्य आहे तो!" गुरुजी ओरडले.

"एकच मिनिट गुरुजी. आता बघ मुकुंदा, इथून बॉल निघाला..."

तेवढ्यात कावळा खाली उतरला.

आम्ही सगळे मागं सरलो. कावळा पायरीवर आला. पुढच्या तिघांजवळ थांबला, मान वाकडी केली, पुढं चालला. मधल्या तिघांमधून गेला. मागच्या चौघांमधून तर असा सरळ गेला की मला भोसरीचा नऊ नंबर आठवला. मग त्यानं गोलमधला मोठा वडा चोचीत धरला आणि नदी ओलांडून निघून गेला.

"शिवला!" गुरुजी सुटकेनं म्हणाले. "उठा."

सोजराबाईंनी डोळे पुसले. "व्हय, त्येच व्हते. जेवायला बसलं की मोठा वडा आधी उचलायचं."

त्यांचं कुणी ऐकलंच नाही. सगळ्या माना हळूहळू मागं वळल्या. मागं प्रितम उभा होता, दादासाहेबांच्या कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये, कारण तो शिफ्ट संपवून तसाच आला होता.

"काय झालं?" प्रितमनं विचारलं. "असं काय बघताय?"

"काही नाही," मुकुंद म्हणाला. "घरी सावकाश जा."

प्रितम कंत्राटी. काही महिने झाले की कंपनी त्याला ब्रेक द्यायची, मग नवा गेटपास, मग पुन्हा ब्रेक. दादासाहेबांनी सीझनच्या सुरुवातीला माईकवर जाहीर केलं होतं: कप आला की प्रितम परमनंट. फक्त डॉक्टरची तपासणी पास व्हायची. प्रेस शॉपचं काम म्हणजे सगळं हातांवर, त्यामुळं तिथला डॉक्टर छाती नंतर तपासतो, आधी दोन्ही मुठी आवळायला सांगतो. तर प्रितमला कावळ्यापेक्षा रविवारची काळजी जास्त होती. आम्हाला मात्र रविवारपर्यंत प्रितम राहतो की नाही हीच काळजी लागली.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर पहिली बैठक झाली.

"अर्थ उघड आहे," अवधूत म्हणाला. "मारुतरावांनी गोलकीपरच उचलून नेला. म्हणजे मागं बघूच नका. सगळे पुढं."

"वेडा आहेस का? गोलकीपर जाणार हा इशारा आहे. म्हणजे बॉल त्याच्यापर्यंत पोचताच कामा नये. सगळे मागं!"

एका वड्यातून दोन पंथ निघाले. एका गोष्टीवर मात्र दोन्ही पंथांचं एकमत होतं: प्रितमला जपायचं.

बदली गोलकीपर कुलदीपला तयार राहायला सांगायला फोन केला, तर वड्याची बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. तो चुलत्याच्या लग्नाला लातूरकडं निघाला होता. चुलत्याला तीन पोरं आहेत, पण कुलदीपला त्यापुढं काही विचारायच्या आत त्याचा फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मुकुंदनं प्रितमच्या बाईकची चावी काढून घेतली. मग आम्हाला घेऊन तो रहाटणीला प्रितमच्या खोलीवर सेफ्टी ऑडिट करायला गेला. दारात प्रितमची आई भिमाबाई.

"काकू, घाबरू नका, आम्ही फक्त धोके शोधतोय."

"आत्ता चौघं आत आलात," भिमाबाई म्हणाल्या. "त्याआधी एक बी नव्हता."

मुकुंदनं वर पाहिलं. प्रितमच्या गादीच्या बरोबर वर पंखा होता. तो खाली काढायचं ठरलं. प्रितमनं स्टूल धरलं, अवधूत वर चढला, मुकुंदनं खालून सूचना दिल्या. शेवटचा नट सुटला आणि पंखा अवधूतच्या हातातून निसटून प्रितमच्या कानाजवळून उशीवर पडला. उशीतला कापूस खोलीभर झाला.

"बघितलंत?" मुकुंद घाम पुसत म्हणाला. "वेळेवर आलो म्हणून वाचला!"

"बारा वर्सं पडला न्हाई त्यो पंखा," भिमाबाई म्हणाल्या. "आमच्यात पिंड न्हाई न् कावळा बी न्हाई. तुमचा कावळा तुमच्या घरी ठेवा."

"काकू, तुमच्यात नसेल. पण त्याला कुठं माहितीय?"

"कुणाला?"

"कावळ्याला."

भिमाबाईंनी झाडू उचलला. कापसासाठी उचलला असेल. आम्ही थांबून बघितलं नाही.

प्रितम हसत होता. "मी असलं काही मानत नाही राव," तो जिन्यापर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला. आणि आमच्याबरोबर खाली रस्त्यावर आल्यावर त्यानं एकदा वर विजेच्या तारेकडं पाहिलं.

तारेवर कावळा होता.

त्याचं कारण आम्हीच होतो. कावळा प्रसन्न राहावा म्हणून प्रत्येकानं गुपचूप वडे टाकायला सुरुवात केली होती. कुणी प्रितमच्या गल्लीत, कुणी कंपनीच्या बसथांब्यावर, आणि बाकी सगळ्यांनी ग्राउंडवर, गोलच्या मागं. मीही दोनदा टाकले. दोन-तीन दिवसांत इंद्रायणीच्या अल्याड-पल्याडचे कावळे ग्राउंडवर राहायला आले. सरावाला प्रितमनं डाइव्ह मारली की गोलच्या दांड्यावरून सगळे उडायचे, एक चक्कर मारायचे आणि परत बसायचे. दरवेळी थोडं जवळ. कावकाव नाही, काही नाही. नुसते बसायचे आणि बघायचे.

"मी मानत नाही," प्रितम प्रत्येक डाइव्हनंतर म्हणायचा आणि वर बघायचा. शनिवारपर्यंत त्यानं म्हणायचं सोडलं होतं. वर बघणं चालू होतं.

रविवारी दुपारी मैदान भरलं. पण मॅच कुणी बघत नव्हतं, सगळे प्रितमला बघत होते. सोजराबाई पहिल्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर मारुतरावांची टोपी. कमान मात्र खरंच उभी राहिली होती. तिच्यावर मारुतरावांच्या फोटोपेक्षा दादासाहेबांचा फोटो मोठा होता, त्यामुळं बाहेरून येणारे लोक दादासाहेबच गेले असं समजून हळहळत आत येत होते.

रणजीतसरांनी दोन्ही पंथांचा मान राखला. पाच जण पुढं, पाच जण मागं, मधे कुणीच नाही. भोसरीवाले त्या मधल्या मोकळ्या जागेत बागेत फिरल्यासारखे फिरत होते.

"पुढं मारा!" अवधूत ओरडायचा.

"मागं या!" मुकुंद ओरडायचा.

पोरं बिचारी दोन्ही ऐकायची आणि जागच्या जागी गोल फिरायची.

बॉल यायचा तो सरळ प्रितमवर. एक त्यानं पायानं काढला, एक छातीवर घेतला, एक बोटाच्या टोकानं दांड्यावरून बाहेर ढकलला. प्रत्येक वेळी कावळे उडायचे, प्रत्येक वेळी अख्खं मैदान "गेला!" म्हणून उभं राहायचं, आणि गोल नव्हे, माणूस गेला या अर्थानं.

शेवटच्या क्षणी भोसरीच्या नऊ नंबरनं लांबून फटका मारला. बॉल खांबावर आपटला, खांब हादरला आणि सगळे कावळे एकदम उठले. गोल दिसेना. प्रितम दिसेना. काळं, नुसतं काळं. सोजराबाईंनी टोपी मांडीवर घेतली. मुकुंदनं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं आठवडाभर निळा होता.

मग कावळे बाजूला झाले. प्रितम उभा होता. बॉल त्याच्या दोन्ही हातांत होता.

शिट्टी झाली. शून्य-शून्य. कप आपला.

"प्रितम परमनंट!" दादासाहेब माईकवर ओरडले. "उद्या मेडिकल, उद्याच ऑर्डर! दादासाहेबांचा शब्द!"

प्रितमनं जागेवरूनच आईला फोन लावला. "झालं," एवढंच म्हणाला. पलीकडून भिमाबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदाच तो वर न बघता हसला.

आम्ही धावलोच. मुकुंद, अवधूत, रणजीतसर आणि मी, चौघांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. ढोल वाजायला लागले. आम्ही चार पावलं टाकली असतील.

"थांबा!" मुकुंद एकदम किंचाळला. "चौघं नको! चौघांनी खांद्यावर घेत नसतात! पाचवा घ्या, पाचवा!"

ढोल थांबले. खरंच की. वरून प्रितम म्हणाला, "अरे, मला खाली ठेवा. मी चालतो." पण अशा वेळी उचललेल्याला कोण विचारतं?

दादासाहेब स्वतः पाचवे झाले. माईक सोडायला तयार नव्हते, म्हणून एकाच हातानं.

"दोन पुढं, तीन मागं," मुकुंद म्हणाला. "भार मागं असतो."

"तीन पुढं!" अवधूत म्हणाला. "पुढं न्यायचंय ना त्याला?"

"आधी मागं भक्कम करा!"

"आयुष्यभर मागंच राहा तुम्ही!"

अवधूतनं पुढं ओढलं. मुकुंदनं मागं ओढलं. रणजीतसरांनी दोघांना मान डोलावली. प्रितम मधून खाली आला, आणि गोलकीपर असल्यामुळं त्यानं आधी उजवा हात पुढं केला.

सोमवारी सकाळी कंपनीच्या डॉक्टरनं त्याला दोन्ही मुठी आवळायला सांगितल्या. एकच आवळली.